"कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" असा फोन आला तर आधी हे वाचा, माझे १,४३,४९७ रुपये गेले

परवा मोंढ्यातल्या एका आडतवाल्याला सेम तसाच फोन आला. वाक्य पण तेच, "सर, आपके सिस्टम से वायरस फैल रहा है." त्यानं फोन ठेवून मला विचारलं म्हणून वाचला. तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच. घरचे नको म्हणायले होते, गावात चर्चा होते, दुकानाचं नाव खराब होतं. पण आपण गप्प बसतो म्हणूनच या हरामखोरांचं फावतं.

माझं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. जूनचा महिना, मृगाचा पाऊस झालेला, सोयाबीनच्या बियाण्याला ही गर्दी, डीएपी खत आलं का म्हणून दर पाच मिनटाला कुणीतरी विचारायलंय, खत देताना अंगठा घ्यायच्या पॉस मशीनवर म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उठंनात, आणि त्यात हा फोन. हे सगळं सांगायचं कारण असं की ज्याला त्याला वाटतं, एवढा शिकलेला माणूस फसलाच कसा. बीएस्सी ॲग्री आहे मी. लॉटरी लागली, केवायसी संपली, लाईट बिल थकलं असले फोन मी रोज कट करतो. हा फोन तसला नव्हता. सुरुवातीला त्यानं एक रुपया मागितला नाही, ओटीपी नाही, कार्ड नंबर नाही. आधीच चार दिवसांपासून कॉम्प्युटर हँग व्हायला होता, बिलं निघंनात, आणि हा म्हणतो मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी डिपार्टमेंटमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरवरून चुकीचा डेटा चाललाय, आज बंद केलं नाही तर विंडोजचं लायसन ब्लॉक होईल. वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न, सगळा स्टॉक त्याच्यात. माणूस घाबरणार नाही तर काय करणार?

तरी मी विचारलं, तुम्ही खरे कशावरून? त्यावर त्यानं जे केलं ते सगळ्यांनी नीट लक्षात ठेवा. म्हणला विंडोजचं बटण आणि आर दाबा, सीएमडी टाका, काळी खिडकी उघडली की ए-एस-एस-ओ-सी टाइप करा. भराभर ओळी पळाल्या. म्हणला शेवटाला झेडएफसेंडटूटार्गेट अशी ओळ आहे, तिच्या पुढचा नंबर बघा, हा फक्त तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन नंबर आहे, मी वाचतो, तुम्ही जुळवा. आणि वाचला. आठ आठ आठ, डी सी ए, सहा शून्य, असं करत शेवटच्या आकड्यापर्यंत. एकेक अक्षर जुळलं! आता सांगा, तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा एवढा लांब नंबर कुणी फोनवर म्हणून दाखवला तर विश्वास बसंल का नाही?

नंतर लातूरच्या पुतण्यानं त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तेच करून दाखवलं. तोच नंबर. "काका, हा जगातल्या सगळ्या विंडोजमध्ये एकच असतो." लायसनचा आणि त्याचा काही संबंधच नाही. तसंच ते विंडोजमधल्या इव्हेंट व्ह्यूअरचं. लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण दाखवून म्हणतात बघा किती व्हायरस. चांगल्या कॉम्प्युटरमध्ये पण ते शेकड्यानं असतात, छोट्यामोठ्या अडचणींची ती नुसती नोंद असते.

मग त्यानं एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप, टाकायला लावलं, त्यातला नंबर विचारला, आणि माऊस आपोआप फिरायला लागला. "सर्व्हिस चार्ज" म्हणून ४,९९९ रुपये यूपीआयनं घेतले. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, एका माणसाचं नाव होतं, तर म्हणला ते आमचे अकाउंटंट आहेत. थोड्या वेळानं म्हणतो पेमेंट दोनदा कापलं गेलंय, नेट बँकिंग उघडून बघा, जास्तीचे लगेच परत टाकतो. मी चालू खातं उघडलं. आणि मग तो म्हणला, "सर, मोबाईल में भी वही ॲप डाल दीजिए, दोनों को सिंक करना पड़ेगा."

इथंच. रात्री झोप लागत नाही ती या एका वाक्यामुळं. कॉम्प्युटरचा व्हायरस काढायला मोबाईल कशाला पाहिजे? म्हणजे पायाला काटा टोचलाय आणि डॉक्टर म्हणतो तिजोरीची किल्ली आणा. तेव्हा नेमका काउंटरवर एक शेतकरी दोन बॅगा दहा-सव्वीस-सव्वीस खताचे पैसे मोजायला होता, त्याला सुट्टे द्यायचे होते, मोबाईल माझ्या डाव्या हातात, आणि हा कानात सारखा "सर जल्दी, सर्वर टाइम आउट हो जाएगा". जाणूनबुजून घाई करतात ते, विचार करायला सवडच देत नाहीत. मी एक ओटीपी तोंडानं सांगितला नाही, हे छातीवर हात ठेवून सांगतो. मोबाईलवर ते ॲप असलं की तुमचा मेसेज त्यांना तिकडं बसून वाचता येतो, सांगायची गरजच राहत नाही. कॉम्प्युटरवर काळा पडदा, "स्कॅनिंग ९७ टक्के", आणि त्या पडद्यामागं १२ वाजून ४७ मिनिटांनी ४९,९९९, १२ वाजून ४९ मिनिटांनी परत ४९,९९९.

मेसेज दिसल्या दिसल्या मी राउटरची वायर उपसली, पण मोबाईलचा डेटा चालूच राहिला. हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. दोन्ही तोडा! मोबाईल फ्लाइट मोडवर टाका आणि बँकेला दुसऱ्याच्या फोनवरून लावा.

मुनीमजींच्या फोनवरून बँकेच्या टोल फ्रीला लावला. १२ वाजून ५३ मिनिटांना उचलला, कॉल लॉगमध्ये आहे. उचलला म्हणजे मशीननं उचलला. भाषेसाठी हे दाबा, खात्यासाठी ते दाबा, आमच्या नवीन कर्ज योजनेची माहिती ऐका, मग गाणं. मी गाणं ऐकायलोय आणि १ वाजून ४ मिनिटांनी ३८,५०० अजून गेले. माणूस लायनीवर आला त्याच्यानंतर, आणि तक्रार नंबर मिळाला १ वाजून ९ मिनिटांनी. आता बँक म्हणते तुम्ही कळवलं १ वाजून ९ ला, म्हणून तिन्ही व्यवहार तुमच्याच डोक्यावर. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की ग्राहकानं बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. ग्राहकाचा दोष आहे हे सिद्ध करायची जबाबदारी पण बँकेचीच. मी प्रिंट काढून शाखेत घेऊन गेलो तर साहेबांनी कागद उलटून पण बघितला नाही, म्हणाले हे हेड ऑफिसचं आहे. दुसऱ्या वेळी गेलो तर साहेब रजेवर, त्यानंतर सर्व्हर डाऊन. याच शाखेत खात्यावर चार दिवस पैसे कमी राहिले की दंड आपोआप कापला जातो, तेव्हा सर्व्हर कधी डाऊन नसतो. आणि या एनीडेस्कबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं म्हणे. शाखेच्या भिंतीवर विम्याची पोस्टरं सतरा लावलीत, याचा एक कागद नाही.

पोलिसांचं वेगळं सांगायची सोय नाही. ठाण्यात गेलो तर म्हणे, "शेठ, कशाला उचलता असले फोन?" मी फिर्याद द्यायला आलोय का बोलणी खायला? मग जिल्ह्याला सायबरला जा. तिथं गेलो, दुपारपर्यंत बाकावर बसलो, तर फिर्याद तुमच्याच ठाण्यात द्या. माझं म्हणणं एवढंच, १ जुलै २०२४ पासून जो भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा आलाय त्याच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते असं लिहिलंय. हे मी दाखवलं तर साहेब म्हणतात आम्हाला कायदा शिकवू नका. लेखी अर्ज देऊन पोहोच घेतली तेव्हा कुठं हालचाल झाली. तुम्ही पण तोंडी काही सांगत बसू नका, अर्ज द्या, शिक्का घ्या. आयटी ॲक्टचं ६६ डी कलम, म्हणजे कॉम्प्युटर-फोनवरून दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवल्याचं, लावा म्हणून अर्जातच लिहा.

त्यातल्या त्यात कामाला आला तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी १९३० नंबर. लगेच लावा, पहिल्या तासातच, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात आणि मधल्या खात्यात अडवता आले तर तेवढेच. व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक, हाताशी ठेवा, तो विचारतातच. माझे २१,३०० पुढच्या एका खात्यात गोठवलेत. ते अजून हातात आलेले नाहीत.

२०२३ च्या ऑक्टोबरात सीबीआयनं ऑपरेशन चक्र-२ मध्ये देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात हेच खोटे टेक सपोर्टवाले पण होते, मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारीवरून. म्हणजे ठरवलं तर सापडतात. मग आमच्या खतवाल्याच्या, आडतवाल्याच्या तक्रारीला ठाण्याच्या बाहेर पाय का फुटत नाही?

आणखी काही गोष्टी, जशा आठवतील तशा. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून कुणालाच फोन करत नाही. स्क्रीनवर भोंगा वाजवत मेसेज आला आणि त्यात फोन नंबर दिसला तर तो खोटाच, खऱ्या मेसेजमध्ये नंबर नसतो. कंट्रोल, आल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, तेही जमत नसेल तर सरळ स्विच बंद करा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, बिलावरचा, पासबुकावरचा घ्या. फसल्यावर ते ॲप रागानं लगेच उडवू नका, इंटरनेट तोडून आधी फोटो काढा, पुरावा आहे तो. पासवर्ड दुसऱ्याच मशीनवरून बदला. फोन आला आणि तुम्ही फसला नाही तरी नंबर संचार साथी या सरकारी वेबसाइटवरच्या चक्षू या तक्रारीच्या पानावर टाका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फसल्यावर बोलू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत आणि तो पहिला तास हातचा जाईल.

मला परत एक फोन आलाच, तुमचे गेलेले पैसे काढून देतो, फाइल चार्ज २,५०० भरा. माझी रक्कम रुपयासकट माहीत होती त्याला. म्हणजे आपली नावं पुढं विकली जातात, तेव्हा एकदा फसलेल्यांनी जास्तच जपा.

बँकेला लेखी तक्रार दिली की ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन जाता येतं, फी लागत नाही, वकील लागत नाही, १४४४८ वर माहिती मिळते. मी कॉल लॉगचा फोटो जोडून तिथं टाकलीय. १२ वाजून ५३ ते १ वाजून ४ मध्ये माझा फोन बँकेतच लागलेला होता, त्या ३८,५०० चा हिशोब बँकेनंच द्यायचाय.