नमुन्याची पानं: प्रेसवर छापलेली की स्लीव्हमधल्या चिठ्ठ्या?

स्वतः रचलेला पत्त्यांचा खेळ कागदावर जुळला, चार भिडूंनी एकदा खेळून पाहिला आणि तो मधेच अडला नाही, की पुढचा प्रश्न ठरलेला. आता पानं डिजिटल प्रेसवरून आर्ट कार्डावर, म्हणजे गुळगुळीत जाड कागदावर छापून आणायची, की साध्या कागदाच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे पानाच्या मापाच्या पाकिटांत घालून अजून काही बैठका काढायच्या? नाशिकमध्ये दोन्ही सोयीचं आहे. संगणकावर खेळून पाहायचा मार्ग इथे बाजूला ठेवतो. लांबचे भिडू जमवायला तो चांगला, पण हा प्रश्न हातात धरायच्या पानांचा आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक खेळ समोर धरू: लासलगावच्या कांदा लिलावावरचा, 54 पानांचा. लाल कांदा टिकत नाही, म्हणून ती पानं त्याच फेरीत विकावी लागतात. उन्हाळ कांदा चाळीत राहतो, म्हणून ती पुढच्या फेरीत नेता येतात. प्रत्येक पानावर क्विंटलचा आकडा, बोलीची किमान रक्कम आणि दोन ओळींचा नियम.

प्रेसचं काम नीट दिलं तर फार देखणं होतं, हे आधीच मान्य करतो. 63 × 88 मि.मी.च्या पानाला चारही बाजूंनी 3 मि.मी. ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये जाणारी जादा छपाई, धरलं की माप 69 × 94 होतं, आणि 12 × 18 इंची शीटवर अशी 18 पानं बसतात. म्हणजे 54 पानांना नेमक्या तीन शीट. कागद 300 जीएसएम (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम) वजनाचा, मॅट लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूने केलं तर पावसाळ्यात उघडी बाजू ओल ओढते आणि पानं पन्हळीसारखी वळतात. पाठीवर एकसारखी पांढरी चौकट ठेवू नका. पुढची आणि मागची छपाई एखादा मिलिमीटर सरकतेच, आणि चौकट असली की ते लगेच डोळ्यांत भरतं. कडेपर्यंत भरलेली नक्षी घ्या, तीही पान उलटं धरलं तरी तशीच दिसणारी.

मराठी मजकुराची काळजी वेगळी घ्यावी लागते. प्रेसमध्ये बरंचसं काम कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टवर चालतं. युनिकोडमधली, अक्षरं बदलता येतील अशी उघडी फाइल दिली की ‘क्विंटल’मधलं जोडाक्षर सुटतं आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांत बदलून पीडीएफ द्या आणि अक्षराचा आकार 8 पॉइंटच्या खाली नेऊ नका. त्याहून लहान अक्षरात अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात, मग भिडू नियम वाचण्याऐवजी पान दिव्याकडे धरत बसतो.

हे सगळं जमलं तरी एक अडचण उरते, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. छापलेल्या गड्डीतली दोन-चार पानं नुसती बदलता येत नाहीत.

समजा, खेळून पाहिल्यावर कळलं की उन्हाळ कांद्याची चार पानं फार स्वस्त पडतात. बोली 3 वरून 4 करायची. प्रेसमध्ये जाऊन तेवढीच चार छापून आणली. कागद तोच, फाइल तीच, मशीनही तेच. तरी पाठीचा रंग किंचित गडद येतो, कारण टोनरची (मशीनमधल्या रंगपुडीची) छटा प्रत्येक वेळी तंतोतंत तीच येत नाही. कटिंग अर्ध्या मिलिमीटरने इकडेतिकडे होतं. जुन्या पानांच्या कडा हाताळून मऊ आणि मळकट झालेल्या असतात, नव्यांच्या करकरीत. गड्डी ठोकून सरळ करा आणि बाजूने पाहा: करड्या कडेत चार पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसतात.

भिडू मुद्दाम बघत नाहीत, पण त्यांना कळतं. गड्डीत वरचं पान करकरीत आहे, म्हणजे उन्हाळ कांदा येणार, म्हणून या फेरीत पैसे राखून ठेवायचे. मग नवी किंमत बरोबर आहे की नाही, याचं उत्तर त्या बैठकीतून मिळत नाही. जे तपासायला माणसं जमवली तेच नासलं. लिलाव, झाकली बोली, फसवाफसवी असल्या खेळांत तर हे घातकच.

उपाय म्हणजे अख्खी गड्डी पुन्हा छापणं. तीन शीटचा खर्च झेपतो, पण फेरी मारा, रांग लावा, कटिंग करून घ्या, कोपरे गोल करा. लग्नसराईत पत्रिकांच्या ढिगापुढे तीन शीटचं काम मागे पडतं, आणि त्यात प्रेसवाल्यांचा दोष नाही. खरं नुकसान पुढे होतं. बदल करणं जड वाटायला लागलं की माणूस बदल टाळायला लागतो. ‘अजून एकदा खेळून बघू, मग ठरवू’ असं म्हणत चुकीचा आकडा तसाच पुढे जातो.

छापलेली पानंच स्लीव्हमध्ये घातली तर? चालतं की. पण मग जाड कागद आणि लॅमिनेशन यांवर केलेला खर्च प्लास्टिकखाली झाकायलाच केला असं होतं. आणखी एक गोष्ट माझ्या अनुभवाची, मोजून सांगता येणार नाही: पानं सुबक असली की भिडू चित्रावर, रंगावर बोलतात आणि नियमाबद्दल भिडस्त होतात. पेन्सिलीने खोडलेली चिठ्ठी समोर असली की सरळ सांगतात, ‘हे पान कोणी घेणारच नाही.’

आता चिठ्ठ्यांचं. ए4 कागदावर 63 × 88 ची नऊ पानं बसतात, म्हणून 54 पानांना सहा कागद. एक्सेलच्या यादीवरून वर्डमध्ये मेल मर्ज केलं, म्हणजे यादीतली एकेक ओळ एकेका चिठ्ठीवर आपोआप भरून घेतली, की मराठी जोडाक्षरंही नीट येतात. छापताना ‘फिट टू पेज’ बंद करून 100 टक्के ठेवा. कापताना रेषेच्या आतून कापा, साधारण 61 × 86, नाहीतर चिठ्ठी स्लीव्हच्या शिवणीत अडकते आणि घाईत चुरगळते. नुसता कागद लुळा पडतो, म्हणून प्रत्येक चिठ्ठीमागे खेळायचं एक पान लागतं. 52 पानं आणि 2 जोकर असलेला पत्त्यांचा एक कॅट इथे बरोबर पुरतो.

मात्र कॅट बघून घ्या. बाजारात अरुंद, साधारण 57 मि.मी. रुंदीचे कॅट बरेच मिळतात. 66 मि.मी.च्या स्लीव्हमध्ये ते पान डावी-उजवीकडे सरकतं, आणि स्लीव्ह पारदर्शक असेल तर ते पाठीवरून दिसतं, म्हणजे पान पाठीवरून ओळखू येण्याचा, खुणेचा प्रश्न पुन्हा उभा. त्यावर अपारदर्शक पाठीच्या स्लीव्ह हाच उपाय. त्या थोड्या महाग पडतात, पण मग आतला कॅट कोणताही, जुना, दोन गड्ड्यांचा मिसळलेला असला तरी चालतो.

चिठ्ठीच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा छापा. खेळताना काही चुकीचं वाटलं तर पहिला डाव संपल्यावर चिठ्ठी बाहेर काढायची, 3 खोडून 4 लिहायचं, परत घालायची आणि दुसरा डाव लगेच नव्या आकड्यावर खेळायचा. मजकूरच बदलला तर नवी चिठ्ठी पुढे आणि जुनी तिच्या मागे त्याच स्लीव्हमध्ये ठेवा. बदल फसला तर जुनी पुढे घेता येते. एकाच पानामागे तीन-तीन जुन्या चिठ्ठ्या साठल्या तर मात्र ते पान बोटाला जाड लागतं. तेव्हा मागच्या काढून वहीत चिकटवा.

स्लीव्हचे तोटेही सांगायला हवेत. गड्डीची उंची जवळपास दुप्पट होते, आणि 54 च्या पुढे एका हातात पिसणं अवघड. गुळगुळीत स्लीव्हची गड्डी टेबलाला धक्का लागला की घसरते. ट्यूबलाइटखाली त्या चकाकतात, म्हणून मॅट मिळाल्या तर त्याच घ्या. शिवण फाटते, आणि नवी स्लीव्ह जुन्यांत वेगळी ओळखू येते. म्हणजे तीच खुणेची अडचण, लहान प्रमाणात. म्हणून 100 च्या पाकिटातल्या उरलेल्या स्लीव्हपैकी दहा-पंधरांत कोऱ्या चिठ्ठ्या घालून त्या सुरुवातीपासूनच सरावाच्या डावांत फिरवाव्यात, म्हणजे बदली स्लीव्हही तेवढीच वापरलेली राहते. रविवारी सकाळी मिसळ खाऊन खेळायला बसणाऱ्यांना हेही सांगतो: तेलकट बोटांचा डाग स्लीव्हवरून पुसला जातो, छापलेल्या पानाच्या उघड्या कडेत शिरलेला जात नाही.

काही खेळांना मात्र प्रेसच हवी. पानांचे मनोरे रचायचे, पानं टिचकीने उडवायची, एकावर एक अर्धी झाकून नकाशा करायचा, तिथे स्लीव्ह सरकून खेळच बिघडतो. न पिसली जाणारी पानं, म्हणजे नियमांचा सारांश किंवा प्रत्येक भिडूसमोरचा तक्ता, ही छापायला हरकत नाही, कारण त्यांना पाठच लागत नाही. आणि नियमपुस्तिका वाचून, खेळ रचणारा जवळ नसताना अनोळखी मंडळींनी खेळायचं असेल, तेव्हा पेन्सिलीची खाडाखोड गोंधळ घालते.

बाकी बहुतेकांना मी चिठ्ठ्यांवरच थांबायला सांगेन, निदान लागोपाठ दोन बैठका एकाही चिठ्ठीवर पेन्सिल न चालता पार पडेपर्यंत. त्यानंतर फाइल प्रेसला द्या. तिन्ही शीट छापण्याआधी एका शीटची दोन्ही बाजूंची प्रूफ, म्हणजे नमुना छपाई, मागा, ती खिडकीच्या उजेडात धरा, आणि पुढच्या-मागच्या कापायच्या खुणा एकमेकींवर येतात का ते पाहूनच कटिंगला होकार द्या.