धूमकेतूसाठी १०×५० दुर्बीण घ्या, आणि कोकणात घेताय तर नायट्रोजन भरलेलीच

दोन डोळ्यांच्या दुर्बिणीवरचा पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये. पैसे जास्त घालायचेच असतील तर मोठ्या आकड्यांवर घालू नका, बंदिस्त आणि नायट्रोजन भरलेल्या बनावटीवर घाला. १५×७० ची भुरळ पडते खरी, पण ती दीड किलोच्या आसपास भरते, ट्रायपॉडशिवाय चित्र थरथरतं आणि एका वेळी दिसणाऱ्या आकाशाच्या साडेचार अंशांच्या क्षेत्रात धूमकेतू गाठणंच जिकिरीचं होतं. १०×५० चं क्षेत्र साधारण साडेसहा अंश, म्हणजे १३ पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं. ऑक्टोबर २०२४ मधल्या त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतूसारखी लांब शेपटी अशाच क्षेत्रात खुलते.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे रोखा. नेत्रिकेत प्रकाशाची छोटी चकती दिसते, ती पूर्ण गोल हवी. कडा चौकोनी आणि करड्या दिसल्या तर आतले प्रिझम हलक्या दर्जाच्या काचेचे. मग त्या चकतीवर पट्टी धरा: ५० भागिले १०, म्हणजे ५ मिमी भरली पाहिजे. चारच भरली तर आतली कडी प्रकाश अडवतेय आणि ५० च्या नावाखाली तुम्हाला ४० ची दुर्बीण मिळतेय. शेवटी दूरच्या टॉवरचं टोक बघा. एकाची दोन टोकं दिसली किंवा थोड्याच वेळात डोळे ओढल्यासारखे झाले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. स्वस्त मालात हा दोष सर्रास सापडतो, कुरिअरच्या आदळआपटीनेही येतो. ऑनलाइन घेताना परतीची मुदत आधी बघा.

संध्याकाळच्या धूमकेतूला गुहागर किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्याचा किनारा उत्तम, पश्चिम क्षितिज थेट समुद्रावर मिळतं. सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय दुर्बीण तिकडे वळवूच नका, डोळा जाईल. त्यानंतर ४० मिनिटांनी शोधायला लागा. क्षितिजालगतच्या पाच अंशांत हवेचा दमट थर दोन-तीन प्रती (तेजस्वितेच्या पायऱ्या; आकडा मोठा तितकं अंधूक) सहज गिळतो, त्यामुळे उशीरही परवडत नाही. पहाटेचा धूमकेतू असेल तर किनाऱ्यावर थांबू नका. माड आणि डोंगर पूर्व झाकतात, वर सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर जा.

फोकस आधी एखाद्या ठळक ताऱ्यावर लावा. तारा टिंब होतो. धूमकेतू मात्र चाक कितीही फिरवलं तरी पिंजलेल्या कापसासारखा पुसटच राहतो, आणि हीच त्याची ओळख. सहाव्या प्रतीचा धूमकेतू त्याच प्रतीच्या ताऱ्यापेक्षा खूप अंधूक वाटतो, कारण तेवढाच प्रकाश मोठ्या भागावर पसरलेला असतो. थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवा, तो उठून दिसेल. स्टेलॅरियम या आकाश-नकाशाच्या ॲपमधली धूमकेतूच्या कक्षेची माहिती ताजी करून घ्या, नाहीतर जागाच चुकते. तेजस्वितेसाठी ॲपच्या अंदाजापेक्षा कॉब्ज (COBS) या धूमकेतू-नोंदींच्या संकेतस्थळावर निरीक्षकांनी नोंदवलेल्या प्रती भरवशाच्या.

आता नायट्रोजनचं. साध्या दुर्बिणीत दमट हवा आत शिरते आणि एका पावसाळ्यात प्रिझमवर बुरशीचे धागे दिसू शकतात. नायट्रोजन भरलेल्या बंद दुर्बिणीत आत दमट हवा नसते, म्हणून आतली बाजू वाचते, बाहेरची भिंगं तुम्हीच जपायची. किनाऱ्यावरून आल्यावर काच कोरडी पुसू नका, मिठाचे कण आणि वाळू लेप ओरबाडतात. आधी फुंकणीने उडवा, मग डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेलं मऊ कापड. ठेवायची ती हवाबंद डब्यात, निळ्या सिलिका जेलसह. दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर निळे होईपर्यंत तापवा, गार करा आणि परत डब्यात टाका. चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. बुरशी आधी चामड्यावरच धरते.