जखमेतल्या अळ्यांवरचा स्प्रे: घ्यावा, पण एकट्या स्प्रेनं भागत नाही

पावसाळा लागला की बडोद्यातल्या पशुऔषधांच्या दुकानांत जखमेवरच्या स्प्रेची मागणी वाढते. कडुनिंब, निलगिरी, टर्पेंटाइन अशा तेलांचा हा स्प्रे शेरीतल्या कुत्र्यांसाठी, मोकाट गाईंसाठी घ्यावा का? जरूर घ्यावा. पाचपैकी साडेतीन तारे. कापलेले दीड तारे वापराच्या सूचनांसाठी. बाटलीवर ‘जखमेवर फवारा’ एवढंच असतं आणि लोक तेवढंच करतात. मग वरच्या अळ्या मरतात, खालच्या आणखी खोल जातात आणि मेलेल्या आत कुजतात.

खरी रीत अशी. आधी जनावराचं तोंड बांधा. दुखऱ्या जागी हात लागला की गरीब कुत्रंही चावतं, आणि रेबीजची जोखीम घ्यायची नसते. जखमेभोवतीचे केस दोन बोटं रुंद कापा, कारण माशीची अंडी कडेच्या केसांतच चिकटलेली असतात. स्प्रेचा फुसफुस आवाज आणि गार झोत यांनी जनावर बिथरतं, म्हणून तो गॉजवर (जखमेसाठीच्या जाळीदार सुती कापडावर) मारून घ्या आणि गॉज जखमेच्या पोकळीत 10 मिनिटं ठेवा. अळीचं तोंड मांसात रुतलेलं असतं, पण श्वासाची छिद्रं मागच्या टोकाला असतात. हवा तुटली की ती वर येते. तेव्हा बोथट टोकाच्या चिमट्यानं एकेक उचलून फिनाइलच्या डब्यात टाका. जमिनीवर टाकलेली मोठी अळी मातीत शिरून कोष करते आणि तिची पुन्हा माशी होते.

त्यानंतर धुणं. याच टप्प्यावर सगळ्यात जास्त बिघडतं. हौदातलं किंवा कुंडीतलं पाणी जखमेत अजिबात घालू नका. 1 लिटर पाणी उकळून गार करा, त्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवा आणि बिनसुईच्या 20 मिलिच्या सिरिंजनं पोकळी धुवा. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचं. अंडी 12 ते 24 तासांत फुटतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जखम पुन्हा उघडून बघायचीच, आणि पुढेही भरत येईपर्यंत रोज.

विकत घेताना एक घोटाळा होतो. शेजारीच चंदेरी ॲल्युमिनियमचा स्प्रे ठेवलेला असतो. तो साफ झालेल्या जखमेवर थर देण्यासाठी आहे. अळ्या असताना मारला तर वरून चकाकी येते आणि आतलं काहीच दिसत नाही.

मांजरांना टर्पेंटाइनचा स्प्रे नको, त्यांना तो विषारी ठरतो. डोळ्याजवळ, कानाच्या आत, तोंडात कुणालाच नको. चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर हवीच. रॉकेल, पेट्रोल, फिनाइल जखमेत ओतणं म्हणजे जिवंत मांस जाळणं, आणि चाटलं तर विषबाधा वेगळी. जखम खोल असेल, डोक्याला असेल किंवा जनावर खात नसेल तर घरगुती खटपट थांबवून 1962 वर गुजरातच्या करुणा पशू-ॲम्ब्युलन्सला फोन करा.

स्प्रेसोबत जनावरांना पाणी ठेवायला सिमेंटची कुंडीही घ्या. तिला चार तारे. अळ्या पडलेलं जनावर ताप आणि स्राव यांनी सुकतं. 20 किलोच्या कुत्र्याला एरवीही दिवसाला साधारण 1 लिटर पाणी लागतं, बडोद्याच्या मे महिन्यात त्याहून जास्त. सिमेंटची कुंडी जड असते, कलंडत नाही, प्लास्टिकसारखी उन्हात तडकत नाही. नवीन कुंडी मात्र लगेच वापरू नका. सिमेंटचा क्षार पाण्यात उतरतो, म्हणून तीन-चार दिवस भरून ठेवा आणि रोज पाणी बदला.

खरी उणीव तिच्या खरखरीत तळाची. तिथं शेवाळ धरतं. वरून पाण्याची भर घालून ते जात नाही. रोज पूर्ण रिकामी करून काथ्यानं घासा, साबण नको. न बदललेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. कुंडी सावलीत, फरशीवर किंवा विटांवर ठेवा. खाली सांडून चिखल झाला, त्यात उष्टं अन्न पडलं की माश्या जमतात, आणि जखमी जनावर नेमकं तिथंच पाण्याला येतं. कुंडी खोल असेल तर आत एक वीट उभी ठेवा, पिल्लू पडलं तरी तिच्यावर चढून बाहेर येतं.