जीवाश्म शोधायला कुठे जावं: चारमथ की कच्छ?

नाशिकच्या पायाखाली सगळा लाव्हाचा काळा पाषाण. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइटचे देखणे स्फटिक दिसतात, पण जुन्या समुद्री प्राण्यांचे अवशेष हवे असतील तर गाव सोडावंच लागतं. (देवघरात शाळिग्राम असेल तर गोष्ट वेगळी, तो गंडकीकाठचा ॲमोनाइटच, म्हणजे वेटोळ्या शिंपल्यात राहणाऱ्या जुन्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म.) लंडनला लेकाकडे निघालेले चारमथबद्दल विचारतात, बाकीचे कच्छबद्दल.

चारमथ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम रीजिसच्या शेजारी. इथले कडे म्हणजे साधारण १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग आणि तिच्या भावाला १८११-१२ मध्ये इक्थिओसॉर (माशाच्या आकाराचा सागरी सरीसृप) सापडला तो याच पट्ट्यात. १८२३ मध्ये तिने लांब मानेचा सागरी सरीसृप प्लेसिओसॉरही शोधला. खणायचं काम समुद्रच करतो. पावसाने कडा ढासळतो, लाटा चिखल धुऊन नेतात आणि ॲमोनाइट आणि बेलेम्नाइट (माकुळासारख्या प्राण्याचे बंदुकीच्या गोळीसारखे अवशेष) गोट्यांमध्ये सुटे पडतात. ते कुणी उचलले नाहीत तर त्याच लाटा त्यांचा चुरा करतात, म्हणून सुटे नग घरी न्यायला मुभा आहे. कड्याला मात्र हातोडा लावायचा नाही आणि काही महत्त्वाचं मिळालं तर तिथल्या हेरिटेज केंद्रात दाखवायचं. रुपयाएवढा, सोनेरी झाक असलेला पायराइट या लोहखनिजाचा ॲमोनाइट नवख्यालाही सापडतो. ओहोटी लागलेली असतानाच निघा, कड्यापासून लांब राहा. दरडी खरंच कोसळतात. पहिल्या खेपेला केंद्राची वाटाड्यासोबतची फेरी घ्यावी. लंडनहून ॲक्समिन्स्टरपर्यंत रेल्वे, पुढे बस.

कच्छमधून समुद्र कधीच हटलाय. ज्युरासिक, म्हणजे डायनोसॉरच्या युगातले थर उघड्याबोडक्या टेकड्यांवर आहेत. लोडाईजवळचा सुमारे साडेपाच मीटरचा इक्थिओसॉर २०१७ मध्ये जगापुढे आला. मुंबईहून रात्रीच्या गाडीने भूज गाठता येतं, खर्च चारमथच्या पासंगालाही पुरत नाही. पण इथे लाटा माल निवडून देत नाहीत. कुठला थर कशाचा हे सांगणारा भूशास्त्राचा जाणकार सोबत नसेल तर दिवसभर उन्हात दगड तुडवत बसाल. आणि सापडलं तरी फोटो काढून तिथेच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत.

मुलं लहान असतील आणि लंडनची तिकिटं काढलेलीच असतील, तर चारमथला एक दिवस द्याच. केवळ जीवाश्मांसाठी विमानाचा खर्च मी करणार नाही. कॉलेजात भूशास्त्र शिकणाऱ्याने सरळ कच्छ धरावं. मे महिन्याची सुट्टी दोन्हीकडे गैरसोयीची: कच्छ भाजून काढतं, आणि चारमथचा खरा हंगाम हिवाळी वादळांनंतरचा. दिवाळीनंतर जा.