कायोटी व्हॅली, सॅन होजे: ट्रेल आणि जमीन राखणारा ट्रस्ट, दोन्हींना ५ स्टार

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात आईबाबा आले की गोल्डन गेट, स्टॅनफर्ड, मंदिर हे होतंच, पण या वेळी मुद्दाम कायोटी व्हॅली ओपन स्पेस प्रिझर्व्हला नेलं आणि बाबांना सगळ्यात जास्त तेच आवडलं. हायवे १०१ ने मॉर्गन हिल गावाकडे जाताना मोकळी शेतं लागतात ना, त्यांच्या कडेचा डोंगर. एंट्री फुकट, पार्किंग फुकट. ॲरोहेड लूप साधारण ४ मैल, चढ बेताचा, बाबा सत्तरीचे आहेत, दोनदा बसले पण आरामात पूर्ण केला. सावली फारशी नाही, सकाळी लवकर जा, पाणी घरूनच न्या आणि मोजे जाड घाला. आम्ही गेलो तेव्हा गवत पार वाळलेलं, परत आल्यावर बाबा डिकीच्या कडेवर टेकून मोज्यातली कुसळं काढत बसले, एकेक काढून रुमालावर ठेवत होते, म्हणाले पुण्याच्या वेताळ टेकडीवरून आल्यासारखं वाटतंय.

वर पोचलं की खाली सपाट खोरं, समोर डायब्लो रेंज. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि मग विचारलं, "हायवेला लागून एवढी सपाट जागा, इथे अजून प्लॉटिंग कसं नाही झालं गं?"

ट्रेलबद्दल सगळेच लिहितात, म्हणून याचं उत्तर जरा नीट लिहिते. २००० च्या सुमारास इथे सिस्को या टेक कंपनीचा २०,००० लोकांचा कॅम्पस येणार होता, डॉटकॉम म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा बाजार कोसळला म्हणून राहिला. मग २५,००० घरांचा प्लॅन आला, तोही बारगळला. पण मंदीच्या भरवशावर जमीन किती दिवस टिकणार, बाजार वर गेला की परत कोणीतरी नकाशे घेऊन येतंच. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेनिन्सुला ओपन स्पेस ट्रस्ट, सॅन होजे शहर आणि तिथली ओपन स्पेस ऑथॉरिटी (मोकळ्या जागा राखणारी सरकारी संस्था) यांनी मिळून खोऱ्यातली ९३७ एकर जमीन सरळ विकत घेतली, ९ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास. निम्मे पैसे शहराचे, २०१८ ला लोकांनी मतदान करून पास केलेल्या 'मेझर टी' या प्रस्तावाच्या बाँडमधून (कर्जरोख्यांतून), आणि ट्रस्टचे ४ कोटींच्या वर. १९७७ पासून हा ट्रस्ट हेच काम करतोय, देणग्या गोळा करायच्या, मालक विकायला तयार झाला की वेळ न घालवता जमीन घ्यायची.

नेहमी विकतच घ्यावी लागते असंही नाही. कॉन्झर्वेशन इझमेंट म्हणून प्रकार आहे, जमीन मालकाचीच राहते, शेती तोच करतो, फक्त बांधकामाचा हक्क तो ट्रस्टला विकतो नाहीतर दान देतो. बाबांना मी सांगितलं की सातबाऱ्यावर बोजा चढवतात तसं, पुढे जमीन कोणीही घेतली तरी बोजा तिच्यासोबत जातो. त्यांना लगेच समजलं. म्हणाले, आपल्याकडे पुण्यात टेकड्यांवर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण टाकलं पण मालक वर्षानुवर्षं मोबदल्यासाठी भांडतोय, इथे निदान त्याच्या हातात पैसे तरी पडले.

आणि जागा खरंच मोलाची आहे. सांताक्रूझचे डोंगर आणि डायब्लो रेंज यांच्यामध्ये बॉबकॅट, बॅजर वगैरेंना ये-जा करायला ही वाट लागते. शिवाय पावसाचं पाणी पसरायला, मुरायला जागा. फेब्रुवारी २०१७ ला कायोटी क्रीकला पूर आला तेव्हा सॅन होजेत जवळपास १४,००० लोकांना घरं सोडावी लागली होती, ते आठवलं की ही शेतं रिकामी पडलीयत असं कोणी म्हटलेलं मला सहन होत नाही.

एक लक्षात ठेवा, ट्रेल त्या ९३७ एकरांत नाही, ती वरून दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये जा, डोंगर हिरवागार असतो.

घरी आल्यावर ट्रस्टला महिन्याला थोडे डॉलर सुरू केले. पावती ईमेलवर आली, बाबांनी तिची प्रिंट काढायला लावली आणि पुण्याला जाताना स्वतःच्या फाइलमध्ये, फ्लॅटच्या कागदांसोबत, घेऊन गेले.