वेगवेगळ्या सॉफ्टवेअरवर एकच गाणे : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आम्ही चौघांनी गेल्या दहा महिन्यांत सात रचना पूर्ण केल्या आणि त्यांपैकी एकही रचना चौघांनी एका खोलीत बसून ध्वनिमुद्रित केलेली नाही. मी गोव्यात फोंड्याला राहते, गाते आणि सगळ्यांचे आवाज एकत्र जुळवून शेवटचे मिश्रणही करते. माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर आहे. पेटी वाजवणारे काका साखळी गावी असतात आणि मॅकवर तशाच कामाचे लॉजिक प्रो वापरतात. कीबोर्ड वाजवणारी मैत्रीण मडगावची असून तिचे सगळे काम क्यूबेस 14 वर चालते. घुमट (मातीच्या भांड्याचे तालवाद्य) आणि तबला वाजवणारा माझा मावसभाऊ पेडण्याला आहे. त्याने सुरुवात मोबाइलवर केली आणि नंतर माझ्या सांगण्यावरून रीपर घेतले. कोणाची नोकरी पाळीची, कोणाच्या घरी शिकवण्या, त्यामुळे चौघांची सवड एका दिवशी जुळणे फार दुर्मीळ असते.

पहिला महिना सर्वांनी एकच सॉफ्टवेअर घ्यावे की नाही या चर्चेतच गेला. लॉजिक केवळ ॲपलच्या उपकरणांवर चालते, म्हणून ते आपोआप बाद झाले. रीपर विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते, 60 दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते आणि त्याचा वैयक्तिक परवाना 60 डॉलरला मिळतो, म्हणून मी त्याचा आग्रह धरला होता. तो आग्रह चुकीचा होता, असे आज मला वाटते. काकांचा हात लॉजिकवर बसलेला आहे. त्यांना नव्या पडद्यासमोर बसवले, तेव्हा दोन आठवडे त्यांचे लक्ष पेटीपेक्षा मेनूकडेच अधिक राहिले आणि वादनातला मोकळेपणा नाहीसा झाला. ज्याचा त्याने हात बसलेल्या सॉफ्टवेअरवर वाजवावे आणि चौघांत केवळ आवाजाच्या फाइलींची देवघेव व्हावी, असे तेव्हा ठरले. इंटरनेटवरून एकाच वेळी वाजवण्याचा प्रयोगही जॅमुलसवर दोन संध्याकाळी करून पाहिला. आमच्या जोडण्यांवर आवाजाला लागणारा उशीर ठेक्याला सोसेना, म्हणून तो विषय तिथेच संपला.

या पद्धतीत सॉफ्टवेअर कोणते याला फारसे महत्त्व उरत नाही. महत्त्व उरते ते चौघांचे शून्य एक असण्याला. प्रत्येक ट्रॅकची, म्हणजे एकेका वाद्याच्या किंवा गळ्याच्या स्वतंत्र मुद्रणाची, फाइल रचनेच्या अगदी आरंभापासून सुरू झाली पाहिजे, मग त्या वाद्याचा पहिला सूर तिसऱ्या मिनिटाला का लागेना. आधीची तीन मिनिटे शांतता म्हणून फाइलीत गेली पाहिजेत. असे केले की समोरच्याने ती फाइल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर ठेवली तरी ती जागेवर बसते. ऐकायला हे सोपे आहे, पण प्रत्येक सॉफ्टवेअरचा आरंभ कोठे असतो हे आम्हाला स्वतंत्रपणे शिकावे लागले. क्यूबेस डाव्या आणि उजव्या लोकेटरच्या, म्हणजे हद्द दाखवणाऱ्या दोन खुणांच्या, मधला भाग बाहेर काढते, म्हणून डावा लोकेटर शून्यावर आहे ना, हे दर वेळी पाहावे लागते. लॉजिकमध्ये प्रोजेक्टचा आरंभ पहिल्या बारच्याही (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक गट) मागे ओढता येतो, आणि काकांनी तो मोजणीसाठी ओढलेला असला की त्यांची पेटी आमच्याकडे दोन बार उशिरा उगवते. रीपरमध्ये रेंडर करताना, म्हणजे फाइली बाहेर काढताना, स्टेम्सचा (प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल) पर्याय निवडून हद्द संपूर्ण प्रोजेक्टची ठेवली की काम होते.

याला जोड म्हणून आम्ही एक खूण ठेवतो. पहिल्या बारच्या पहिल्या मात्रेवर एक अगदी लहान टिपरीसारखा आवाज आणि रचना पाचव्या बारपासून पुढे. प्रत्येकाच्या प्रत्येक फाइलीत तो आवाज असतोच. माझ्याकडे फाइली आल्या की मी पडदा मोठा करून सगळ्या टिपऱ्या एका रेषेत आहेत का ते पाहते, आणि त्यानंतरच ऐकायला बसते. या एका सवयीने जितका वेळ वाचला, तितका दुसऱ्या कशाने वाचलेला नाही.

ही खूण का लागली, ते सांगते. पहिल्या रचनेसाठी मी सर्वांना मार्गदर्शक ट्रॅक, म्हणजे ज्याच्या साथीने वाजवायचे तो कच्चा ट्रॅक, एमपी3 स्वरूपात पाठवला, कारण तो लहान असतो. एमपी3 करताना एन्कोडर (आवाज आवळून लहान करणारा प्रोग्राम) फाइलीच्या आरंभी थोडी शांतता घालतो. लेम या प्रचलित एन्कोडरच्या बाबतीत ती आणि फाइल उलगडणाऱ्या डिकोडरचा उशीर मिळून 1,105 सॅम्पल (आवाजाचे सूक्ष्म नमुने), म्हणजे सुमारे 25 मिलिसेकंद भरतात. काही सॉफ्टवेअर ही शांतता ओळखून कापतात, काही तशीच ठेवतात. परिणामी एकच फाइल चौघांकडे एकाच जागी बसली नाही, आणि प्रत्येकाने आपल्याकडे अचूक वाजवूनही माझ्याकडे घुमट आणि पेटी एकमेकांना चाटून जाऊ लागली. पंचवीस मिलिसेकंद हा आकडा कागदावर क्षुल्लक दिसतो, परंतु घुमटावरची थाप इतकी टोकदार असते की कान तो फरक लगेच पकडतो. तेव्हापासून मार्गदर्शक ट्रॅकसुद्धा वेव्ह स्वरूपातच जातो.

त्याच सुमारास भावाचे घुमट सगळीकडे सारखेच मागे पडलेले आले. वादन पक्के होते, लय कोठेही डळमळली नव्हती, तरीही प्रत्येक थाप सुमारे 170 मिलिसेकंद उशिरा. तो ब्लूटूथचा हेडफोन लावून वाजवत होता. त्याच्या कानात क्लिक, म्हणजे ठेक्याची टिकटिक, उशिरा पोचत होती आणि तो तिच्याशी प्रामाणिक राहून वाजवत होता. तारेचा हेडफोन आल्यावर हा दोष पूर्णपणे गेला. आरतीतल्या या वाद्याविषयी आणखी एक गोष्ट इथेच नोंदवते: मातीच्या भांड्याचे एक तोंड चामड्याने मढवलेले आणि दुसरे उघडे असल्यामुळे, मायक्रोफोन उघड्या तोंडाच्या समोर ठेवला तर तिथून निघणारा वारा आणि खर्ज सगळे मिश्रण गढूळ करतो. आम्ही तो चामड्याच्या बाजूला, हातभर लांब आणि किंचित तिरपा ठेवतो. घुमटाच्या साथीची शामेळ (तालवाद्य) आणि कांसाळे (धातूच्या झांजा) वेगळ्या ट्रॅकवर घेतो, कारण कांसाळ्याची धार नंतर कमी करता येत नाही.

सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात याचा, धडा दुसऱ्या रचनेत मिळाला. पेटी 44.1 किलोहर्ट्झवर मुद्रित झाली होती, रचनेचा प्रोजेक्ट 48 वर होता आणि एका संगणकावर फाइल आत घेताना रूपांतर करण्याचा पर्याय बंद राहिला होता. काळी चारमध्ये वाजवलेली पेटी पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधे कोठेतरी ऐकू येऊ लागली आणि सहा मिनिटांची रचना साडेपाच मिनिटांतच संपली. स्वर सुमारे दीड श्रुतीने नव्हे, तर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढला होता, म्हणजे कोणत्याही पट्टीत बसणार नाही अशा जागी. आता सर्वांचे 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट ठरलेले आहे, आणि रचनेच्या फोल्डरात साध्या मजकुराची एक चिठ्ठी असते: ताल, टेम्पो (लयीचा वेग), पट्टी, सॅम्पल रेट, तारीख. त्याच फोल्डरात काकांच्या पेटीचा दहा सेकंदांचा नुसता षड्जही असतो. त्यांची पेटी 440 हर्ट्झ या प्रमाण सुरापेक्षा सुमारे 16 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढी आहे, आणि संगणकातली वाद्ये मूळ स्थितीत 440 वरच असतात. पेटी हवी तेव्हा उतरवता येत नाही. तानपुरा आणि कीबोर्ड यांनीच तिच्याशी जुळवून घ्यायचे असते.

तालाच्या बाबतीत सॉफ्टवेअरची भाषा आणि आपली भाषा यांचा मेळ घालावा लागतो. त्रितालाला चार बारांचे एक आवर्तन सरळ बसते, रूपकाला सातचा बार लावता येतो. झपतालासाठी आम्ही पाचचे दोन बार धरतो, पण मैत्रिणीच्या प्रोजेक्टमध्ये एकदा चारचेच बार राहिले. मी फोनवर सहावे आवर्तन अकराव्या बारपासून धर म्हणाले. तिच्याकडे ते तेराव्या बारच्या मधोमध येत होते, आणि तिने भरलेला तुकडा एक आवर्तन आधीच, पाचव्याच्या समेवर जाऊन पडला. त्यानंतर आम्ही आपसांत बार हा शब्द वापरणेच सोडले आणि आवर्तन व मात्रा सांगू लागलो. लय वाढत जाणाऱ्या रचनेत तेही पुरत नाही. तिथे मिनिट आणि सेकंद सांगतो, कारण घड्याळ चारही ठिकाणी सारखेच चालते. रचनेचा टेम्पोचा नकाशा मी मिडी फाइलीतून पाठवते; या फाइलीत आवाज नसतो, स्वर आणि वेळ यांच्या सूचना असतात. ती आत घेताना टेम्पोही घ्यायचा का, असे विचारले गेले तर होय म्हणायचे, नाहीतर प्रोजेक्ट आपल्या मूळच्या, मिनिटाला 120 मात्रांच्या वेगावरच राहतो.

मिडीने एक जखमही दिली आहे. मैत्रिणीने संगणकातल्या सारंगीवर षड्जापासून पंचमापर्यंत एक सुरेख मींड (न तुटता घसरत जाणारा स्वर) घेतली होती. तिच्याकडे स्वर वाकवण्याची मर्यादा बारा अर्धस्वर होती, माझ्याकडच्या वाद्यात ती नेहमीप्रमाणे दोनच होती. मिडी फाइलीत मींड किती टक्के वाकली एवढेच जाते, किती स्वर वाकली हे जात नाही. त्यामुळे माझ्याकडे तीच मींड कोमल रिषभाच्या जरा वर जाऊन थांबली. ती मर्यादा बदलून दुरुस्त करता आली, तरी सारंगीचा नमुना वेगळा असल्याने मूळचा गळा काही परत आला नाही. तेव्हापासून मिडी फक्त दुरुस्तीच्या सोयीसाठी जाते. ऐकण्याचे वाद्य तिच्याकडेच ध्वनी होऊन येते.

आवाजावर परिणाम करणाऱ्या प्लगइनचेही (सॉफ्टवेअरला जोडायच्या लहान प्रोग्रामचेही) असेच आहे. लॉजिक ऑडिओ युनिट या प्रकारचे प्लगइन घेते, क्यूबेस व्हीएसटी घेते, आणि दोघांचे स्वतःचे रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा परिणाम) दुसरीकडे उघडतच नाहीत. म्हणून ज्या आवाजाचा परिणाम हा वादनाचाच भाग आहे, त्याच्या दोन फाइली येतात: एक कोरडी आणि एक परिणामासह. मास्टरवरचा, म्हणजे एकत्रित आवाजावरचा, लिमिटर (मोठा आवाज दाबणारा प्लगइन) बंद करून फाइली काढायच्या आणि सर्वांत मोठा आवाज शून्याच्या, म्हणजे कमाल पातळीच्या, खाली सहा डेसिबलपर्यंतच ठेवायचा, हे दोन नियम काकांनी स्वतः घालून दिले.

प्रोजेक्टच्या प्रोजेक्ट पाठवण्याचे उपायही तपासून पाहिले. एएएफ या स्वरूपाने लॉजिक आणि क्यूबेस यांच्यात तुकडे आपापल्या जागी पोचतात, पण प्लगइन मागे राहतात, आणि रीपर ते स्वरूप थेट उघडत नाही. बिटविग आणि प्रीसोनस यांनी 2023 मध्ये आणलेले डॉप्रोजेक्ट हे खुले स्वरूप मला फार आश्वासक वाटते. त्यात ट्रॅक, टेम्पो, आवाजाच्या पातळ्या आणि प्लगइनची स्थितीही जाते, आणि क्यूबेसने 14 व्या आवृत्तीत त्याला स्थान दिले. आमच्या चौघांत मात्र ते अजून सगळीकडे पोचत नाही, आणि साखळीचा एक दुवा तुटला की बाकीच्यांचा उपयोग राहत नाही.

फाइलींचा आकार हा रोजचा प्रश्न आहे. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटचा एकेरी (मोनो) ट्रॅक मिनिटाला साडेआठ मेगाबाइटहून अधिक जागा घेतो. सहा मिनिटांच्या रचनेचे चौदा ट्रॅक मिळून सातशे मेगाबाइट सहज ओलांडतात. एका मायक्रोफोनचा आवाज दुहेरी (स्टिरिओ) फाइलीत काढला तर हा भार विनाकारण दुप्पट होतो. एफएलएसी या स्वरूपात केले की आवाजाला धक्का न लागता आकार बराच उतरतो. पावसाळ्यात पेडण्याला वीज गेली की पाठवणे अर्ध्यावर तुटते, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे कौलांवरचा पाऊस: जून ते ऑगस्ट माझे सर्व गायन पावसाच्या उघडिपीत, बहुधा पहाटे झालेले आहे.

या पद्धतीचा जो तोटा आहे तो लपवण्यात अर्थ नाही. माझ्याकडे काकांची पेटी येते ती कापून, जुळवून, पक्की होऊन येते. मला अंतऱ्यातली एक हरकत वेगळी हवी असली, तरी त्यांच्या टेकमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वेळी वाजवून घेतलेल्या मुद्रणांमध्ये, ती आहे का हे मला दिसत नाही. फोन करावा लागतो आणि त्यांनी पुन्हा फाइल काढावी लागते. चौथ्या रचनेची पेटी अशी नऊ वेळा आली.

दोन महिन्यांपूर्वी काकांच्या मॅकमधली साठवण निकामी झाली आणि त्यांचे सगळे प्रोजेक्ट गेले. सातही रचनांच्या शून्यापासूनच्या फाइली माझ्याकडे होत्या, त्या त्यांना परत दिल्या, आणि नव्या संगणकावर सगळी पेटी तासाभरात जागेवर बसली. पाचव्या रचनेच्या आलापाचे आठ टेक मात्र केवळ त्यांच्याकडे होते, त्यांतला एकच आम्ही निवडला होता. आता काका निवडलेल्या फाइलीसोबत न निवडलेले टेकही शून्यापासून काढून एका वेगळ्या फोल्डरात पाठवतात, आणि मी ते उघडून ऐकतेही.