तरंगणारी, फुगणारी की चिकटणारी? जठरात थांबणाऱ्या गोळीची निवड

बारा तास औषध सोडत राहणारी मॅट्रिक्स गोळी (जेल बनवणाऱ्या पदार्थात औषध अडकवलेली) बनवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अडचण वेगळीच आहे. गोळी बारा तास औषध सोडते, पण जिथे सोडायला हवं तिथे ती बारा तास नसते. उपाशीपोटी जठर दर दीड-दोन तासांनी स्वतःला झाडून काढतं आणि त्या लाटेत गोळी पुढे ढकलली जाते. लहान आतड्यातला प्रवास साधारण ३ ते ४ तासांचा. औषधाचं शोषण फक्त आतड्याच्या वरच्या भागात होत असेल, तर त्यानंतर सुटलेला डोस जवळजवळ वायाच जातो.

म्हणून पद्धत निवडण्याआधी आपल्या औषधाला जठरात थांबायची गरज आहे का, हे तपासा. लेव्होडोपा, रायबोफ्लेविन, फ्युरोसेमाइड, मेटफॉर्मिन ही नेहमीची नावं. गॅबापेन्टिनचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. ते आतड्यातल्या वाहक प्रथिनांवर अवलंबून असतं आणि ही वाहकं लवकर भरून जातात. दिवसाला ९०० मिग्रॅ तीन डोसांत दिलं तर सुमारे ६० टक्के शोषलं जातं, ३६०० मिग्रॅ दिलं तर ३३ टक्क्यांच्या आसपास. इथे औषध थोडं थोडं, वरून झिरपत येण्यात खरा फायदा आहे. व्हेरापामिलसारखी आम्लात विरघळणारी पण आतड्यात कमी विरघळणारी औषधं, किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जिवाणूविरुद्ध तिथेच काम करायचं असलेली प्रतिजैविकं, हेही योग्य उमेदवार. उलट, अॅस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅकसारखं जठराला बोचणारं औषध मुद्दाम तिथे थांबवून ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. ओमेप्राझोल तर आम्लात टिकतच नाही. आणि जे औषध आतड्यात सगळीकडे नीट शोषलं जातं, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप कशाला?

तरंगणारी गोळी

प्रबंधांमध्ये हीच सर्वांत लाडकी, कारण प्रयोगशाळेत तिचं फळ डोळ्यांना दिसतं. जठररसाची घनता पाण्याच्या जवळपास, म्हणजे १.००४ ग्रॅम प्रति घन सेंमी. गोळी त्याहून हलकी झाली की वर येते. यासाठी दोन वाटा आहेत. एकीत नुसता जेल बनवणारा पॉलिमर हवा धरून ठेवतो. मॅडोपार एचबीएस ही लेव्होडोपा-बेन्सेराझाइडची कॅप्सूल या जातीची. दुसरीत सोडियम बायकार्बोनेट घालतात, बहुधा गोळीच्या वजनाच्या १० ते २० टक्के. आम्लाशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, एचपीएमसी या सेल्युलोजपासून बनलेल्या पॉलिमरच्या जेलमध्ये अडकतो आणि गोळी वर उचलली जाते.

उत्पादनाच्या बाजूने हिला फारसं काही लागत नाही. नेहमीचं रोटरी यंत्र, थेट कॉम्प्रेशन (भुकटी सरळ दाबून गोळी बनवणं), ओळखीचे घटक. पण बायकार्बोनेट आणि सायट्रिक अॅसिड एकत्र असले की खोलीतला दमट वारासुद्धा शत्रू होतो, आणि पॅकिंगही ओलावा रोखणारं लागतं. दाब वाढवून गोळी टणक केली तर तिची सच्छिद्रता घटते आणि वर यायला लागणारा वेळ वाढतो. हा वेळ दोन मिनिटांचा असेल तर प्रश्न नाही, अर्धा तास असेल तर तेवढ्यात झाडलोटीची लाट येऊन जाऊ शकते.

माझा खरा आक्षेप बीकरवर आहे. ९०० मिलि आम्लात, ५० आरपीएमवर (मिनिटाला ५० फेरे) ढवळत असताना गोळी २४ तास तरंगली, असं लिहून सगळे खूश होतात. उपाशी जठरात द्रव असतो जेमतेम काही दहा मिलि, वर प्यायलेलं पाणी तासाभरात बव्हंशी निघून जातं. तरंगायचं कशावर? रुग्ण आडवा झाला की तरंगण्याचा फायदा आणखी कमी होतो, तेव्हा गोळी किती मोठी आहे यालाच महत्त्व येतं. शिवाय रुग्ण आम्ल कमी करणारं औषध घेत असेल, तर बायकार्बोनेटला लागणारं आम्लच मिळत नाही. सायट्रिक अॅसिड गोळीतच घालण्यामागे हेही एक कारण असतं.

फुगणारी गोळी

इथे भरवसा आकारावर असतो. जठराचं खालचं दार, म्हणजे पायलोरस, सरासरी १२-१३ मिमी रुंद असतं, पण माणसामाणसांत पुष्कळ फरक पडतो. गोळी गिळण्याजोगी असावी आणि जठरात पोचल्यावर लवकर या दारापेक्षा मोठी व्हावी, ही अपेक्षा. त्यासाठी जास्त रेणुभाराचा पॉलिएथिलीन ऑक्साइड आणि एचपीएमसी यांची जोडी वापरली जाते. ग्लुमेट्झा ही मेटफॉर्मिनची आणि ग्रॅलाइज ही गॅबापेन्टिनची गोळी याच तत्त्वावर उभी आहे. अमेरिकेत पहिलीला २००५ मध्ये आणि दुसरीला २०११ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही रात्रीच्या जेवणासोबत घ्यायच्या असतात. ग्रॅलाइजच्या जागी दुसरी गॅबापेन्टिनची गोळी परस्पर देता येत नाही, कारण रक्तात औषध चढण्याची तऱ्हाच बदलते.

जेवणाची ही अट किरकोळ नाही, अर्ध्याहून जास्त काम तीच करते. पोटात अन्न असेपर्यंत झाडलोटीची लाट येत नाही आणि मोठे तुकडे जठर पचन होईपर्यंत मागे ठेवतं. जेवण जितकं जड आणि स्निग्ध, तितका मुक्काम लांबतो. उपाशीपोटी तीच गोळी घेतली तर ती पुरेशी फुगायच्या आतच बाहेर पडू शकते.

अडचणी दोन. एक, गोळी मुळातच मोठी होते, गिळताना त्रास होणारे रुग्ण तक्रार करणारच. दोन, जेल मऊ असेल तर जठराच्या घुसळणीत तो झिजतो आणि गोळी लहान होऊन निसटते. फार कणखर असेल तर औषध आत अडकून राहतं. एचपीएमसीची के४एम (पातळ जेल देणारी) आणि के१००एम (घट्ट जेल देणारी) ही श्रेणी यासाठीच आलटून पालटून बघावी लागते, आणि डिसोल्यूशन (औषध द्रवात किती वेगाने सुटतं याची चाचणी) फक्त ५० आरपीएमवर न करता जास्त वेगावरही करावं. वेग वाढवताच औषध भराभर सुटू लागत असेल, तर पोटात काय होईल ते उघड आहे.

चिकटणारी, आणि उरलेल्या

कार्बोपॉल किंवा कायटोसान हे चिकट पॉलिमर वापरून गोळी जठराच्या अस्तराला चिकटवायची, ही कल्पना कागदावर सुरेख आहे. पण ती चिकटते श्लेष्म्याच्या थराला, आणि तो थर सतत झडून नवा येत असतो. अन्न आणि सुटा श्लेष्मा आधीच तिच्या पृष्ठभागावर बसतो. भर म्हणजे ती घशात किंवा अन्ननलिकेत चिकटण्याची धास्ती. मदतनीस म्हणून ठीक, पण हिच्या एकटीच्या भरवशावर प्रकल्प उभा करू नका.

जड गोळ्या (घनता २.५ च्या आसपास, म्हणजे जठराच्या तळाशी बसणाऱ्या) जवळजवळ विसरल्या गेल्यात. जठरात घडी उलगडून मोठ्या होणाऱ्या अॅकॉर्डियन पिलकडून मोठी आशा होती, पण पार्किन्सनच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत २०१९ मध्ये मुख्य उद्दिष्ट साधलं गेलं नाही. छोट्या संघाने अशा यंत्ररचनेच्या मागे लागू नये.

मग निवड कशी करायची?

डोस ५०० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त असेल तर तरंगवण्यासाठी लागणारे घटक घालायला गोळीत जागाच उरत नाही. तिथे मी फुगणारीकडे झुकेन. डोस कमी असेल, आर्द्रतेवर ताबा ठेवता येत असेल आणि दिवसातून दोनदा जेवणानंतर देणं चालत असेल, तर तरंगणारी हातात लवकर येते. पण तिच्यातही थोडी फुगण्याची क्षमता ठेवावी, म्हणजे आडव्या रुग्णाच्या पोटात आकार तरी कामाला येईल. एक गोळी म्हणजे सगळं किंवा काहीच नाही असा खेळ असतो. आज ती थांबली, उद्या तासाभरात निसटली. रक्तातली पातळी अशी वरखाली होणं परवडत नसेल, तर तरंगणारे पेलेट (औषधाचे बारीक गोळे) कॅप्सूलमध्ये भरून धोका वाटून टाकता येतो.

पुरावा मागताना मात्र कडक राहा. बेरियम सल्फेट घालून काढलेला क्ष-किरण फोटो किंवा टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सर्गी पदार्थ वापरून केलेली सिंटिग्राफी (त्याच्या किरणांवरून चित्र घेण्याची पद्धत) यातून गोळी कुठे आहे ते कळतं, पण फक्त तेवढ्यावर थांबू नका. त्याच औषधाची, त्याच वेगाने औषध सोडणारी साधी मॅट्रिक्स गोळी तेच जेवण देऊन सोबत चालवा आणि दोन्हींची रक्तातली पातळी शेजारी मांडा. ही तुलना टाळलेले निबंध मी पुष्कळ वाचलेत. साध्या गोळीची पातळीही तशीच निघाली, तर बायकार्बोनेट काढून टाका, ती साधी गोळीच ठेवा आणि पाकिटावर 'जेवणासोबत घ्यावी' एवढी सूचना छापा.